चारही बाजू मापात, तरी घर तिरकं: पाया खोदण्याआधी काटकोन कसा तपासायचा?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, बोरी अरबमध्ये एका कुटुंबाला घरकुल मंजूर झालंय. 15 बाय 18 फुटांचं घर बांधायचं ठरलंय. मिस्त्री आला, चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, फक्की मारली. घरातल्या मुलाने टेप लावून पाहिला. समोर 15 फूट, मागे 15 फूट. डावीकडे 18, उजवीकडे 18. सगळं बरोबर. आता नारळ फोडा आणि खोदायला घ्या.

थांबा. या चार मापांवरून घर चौकोनी आहे एवढंच कळतं. ते आयताकृती आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

घरी जुनी बाज असेल तर हे लगेच लक्षात येईल. बाजेचे सांधे सैल झाले की ती एका अंगाला कलते. तिच्या चारही लाकडांची लांबी काही बदललेली नसते. समोरासमोरची लाकडं अजूनही सारखीच असतात, पण आकार मात्र तिरका होतो. भूमितीच्या पुस्तकात याला समांतरभुज चौकोन म्हणतात. खुंट्या आणि दोरीने आखलेलं घरही असंच कलू शकतं आणि बाजूंची मापं घेऊन ते कधीच पकडलं जात नाही.

मग पकडायचं कसं?

कर्ण मोजून. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे असतील, तर चारही कोपरे काटकोनात आहेत. मिस्त्री लोकांच्या भाषेत घर 'गुण्यात' आहे. बस, एवढंच. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. लागतो तो एक टेप आणि तो धरायला दोन माणसं.

आपल्या 15 बाय 18 च्या घराचा कर्ण किती यायला हवा, हे आधीच काढता येतं. दहावीचं पायथागोरसचं प्रमेय इथेच कामाला येतं. 15 चा वर्ग 225, 18 चा वर्ग 324, बेरीज 549. त्याचं वर्गमूळ 23.43. म्हणजे कर्ण 23.43 फूट.

आता इथे एक घोळ हमखास होतो. कॅल्क्युलेटरवरचे 23.43 फूट म्हणजे 23 फूट 4 इंच नव्हे. फुटात इंच 12 असतात, 10 नाही. पॉइंटनंतरच्या 0.43 ला 12 ने गुणायचं. उत्तर येतं 5 इंचांहून किंचित जास्त. तेव्हा टेपवर शोधायचं माप आहे 23 फूट 5 इंच आणि वर एखादं सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) हा गोंधळ टाळायचा तर टेपची मीटरची बाजू वापरणं सोपं.

समजा मागच्या दोन खुंट्या 6 इंच उजवीकडे सरकल्या आहेत. बाजू अजूनही 15-15, 18-18 भरतील. पण एक कर्ण येईल सुमारे 23 फूट 9 इंच आणि दुसरा 23 फूट सव्वा इंच. फरक पावणेआठ इंच! डोळ्यांना न दिसणारा तिरकेपणा कर्णात असा मोठा होऊन दिसतो. म्हणूनच ही तपासणी भरवशाची आहे.

फरक निघालाच तर सगळी आखणी मोडायची गरज नाही. समोरची दोरी पक्की धरायची. मागच्या दोन्ही खुंट्या एकत्र, एकाच दिशेला, लांब कर्ण आखूड होईल अशा बाजूने सरकवायच्या. किती? आधी फरकाच्या निम्म्याने. मग पुन्हा दोन्ही कर्ण मोजायचे, उरलेल्या फरकासाठी पुन्हा थोडं सरकवायचं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. कर्ण जुळले की चारही बाजू परत एकदा मोजायच्या, कारण खुंट्या हलवताना त्यातली एखादी कमी-जास्त झालेली असू शकते.

किती फरक चालतो? साध्या घरात दोन कर्णांमध्ये अर्ध्या इंचापर्यंत फरक असेल तर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. प्लास्टरमध्ये तेवढं निभावतं. फरक एक-दोन इंचांवर गेला तर मात्र खुंट्या हलवाव्यात. तेव्हा हलवायला काही मिनिटंच लागतात.

तिरकं राहिलं तर बिघडतं काय?

घर पडत नाही. हे आधी स्पष्ट करायला हवं. 18 फुटांत 6 इंच तिरकेपणा असलेलं घर उभं राहतं, लोक त्यात आयुष्यभर राहतातही. जागाही फारशी कमी होत नाही. हिशेब केला तर 270 चौरस फुटांत एका चौरस फुटाच्या दहाव्या भागाएवढीच घट येते.

आणि गोची नेमकी तिथेच आहे. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ सगळं कागदावर बरोबर भरतं, त्यामुळे चूक कुठल्याच नोंदीत उमटत नाही. ती उमटते घरात राहायला गेल्यावर. 18 फुटांत 6 इंच म्हणजे दर फुटाला इंचाचा तिसरा भाग. कोपऱ्यात 6 फुटी पलंग लावला की एका टोकाला 2 इंचांची फट. 9 फूट लांबीच्या खोलीत फरशी बसवताना भिंतीलगतची शेवटची ओळ एका टोकाला दुसऱ्या टोकापेक्षा 3 इंच जास्त कापावी लागते आणि ती पाचर खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसते. वर पत्रे असतील तर तेही अडतात. पत्रा सरळ कापलेला असतो, घर नसतं. मग एका बाजूला पत्रा भिंतीबाहेर येतो आणि दुसऱ्या बाजूला कमी पडतो. पुढे कधी शेजारी खोली वाढवायची म्हटली तर तिलाही हाच तिरकेपणा वारशाने मिळतो.

घरकुलाच्या बाबतीत ही गोष्ट जास्त महत्त्वाची का, ते योजनेच्या रचनेत आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये किमान 25 चौरस मीटरचं घर अपेक्षित आहे, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. सपाट भागात केंद्राच्या नियमानुसार 1 लाख 20 हजार रुपयांची मदत टप्प्याटप्प्याने मिळते. बांधकाम कुठल्या टप्प्यावर आलंय हे जिओ-टॅग केलेल्या फोटोंवरून पाहिलं जातं. फोटोत पाया दिसतो, जोतं दिसतं, भिंती दिसतात. कोपरा 90 अंशांचा आहे की 88 चा, हे फोटोत दिसत नाही. शिवाय या योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः उभारायचं असतं, ठेकेदाराला काम देता येत नाही. त्यामुळे मिस्त्रीच्या मागे उभं राहून टेप धरण्याचं काम शेवटी घरच्या माणसावरच येतं.

गुण्या आहे ना, मग कर्ण कशाला?

प्रत्येक मिस्त्रीच्या थैलीत ओळंबा, लेव्हल आणि गुण्या असतो. गुण्या म्हणजे काटकोनातली लोखंडी पट्टी. विटेचा कोपरा, चौकटीचा कोपरा, खांबाची पेटी यासाठी तो उत्तम. पण त्याची बाजू असते फूट-दीड फुटाची, आणि दोरी ताणायची असते 18 फुटांची. दीड फुटावर फक्त एक सूत चूक झाली, तर 18 फुटांवर ती दीड इंच होते. दोरी गुण्याला किंचित टेकली किंवा किंचित सुटली तरी एवढी चूक सहज होते.

गुण्या स्वतःच वाकडा असेल तर बोलायलाच नको. वापरून, आपटून तो वाकतो. तो तपासायची युक्ती जुनी आहे. एका सरळ कडेला गुण्या टेकवून पेन्सिलने उभी रेघ मारायची, मग गुण्या आरशातल्यासारखा पालटून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर नवा घ्या.

रील्समधलं 3-4-5

बांधकामाचे रील्स पाहणाऱ्यांना हे सूत्र पाठ असेल. कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर 5 फूट आलं की कोपरा काटकोनात. सूत्र शंभर टक्के खरं आहे. 9 अधिक 16 बरोबर 25.

रील्समध्ये सहसा न सांगितली जाणारी बाब म्हणजे त्रिकोण मोठा घ्यायचा. 3-4-5 फुटांच्या त्रिकोणात 5 फुटांचं माप अर्धा इंच चुकलं, तर कोपरा जवळपास 1 अंशाने हलतो. 18 फुटांवर त्याचे होतात पावणेचार इंच. तेच 9-12-15 फुटांचा त्रिकोण घेतला तर अर्ध्या इंचाच्या त्याच चुकीचा परिणाम सव्वा इंचावर येतो. जागेत बसेल तेवढा मोठा त्रिकोण घ्यावा. 6-8-10 किंवा 9-12-15, कोणताही पट चालतो.

3-4-5 आणि कर्ण या दोन पद्धती एकमेकींना पर्याय नाहीत, त्या वेगवेगळ्या वेळी लागतात. पहिला कोपरा उभा करायला 3-4-5. चारही खुंट्या बसल्यावर शेवटची खात्री करायला कर्ण. एकाच कोपऱ्यावर 3-4-5 लावून बाकी तीन कोपरे 'आपोआप' बरोबर येतील म्हणणारा मिस्त्री चुकीचं बोलत नाही, पण त्यासाठी चारही बाजूंची मापं तंतोतंत हवीत. ती तशी असतात का, हे कर्णच सांगतो.

कर्ण जुळले, तरीही गंडू शकतं

कर्ण सारखे आले की झालं, असा समज मिस्त्री मंडळींमध्येही आढळतो. तो अर्धवट आहे.

गोमुखी प्लॉट आठवा. समोर अरुंद, मागे रुंद. तो दोन्ही बाजूंनी सारखाच फाकत गेला असेल तर त्याचे दोन्ही कर्ण अगदी सारखे येतात. पण त्याचा एकही कोपरा काटकोनात नसतो. व्याघ्रमुखीचंही तेच, फक्त उलट. म्हणून नुसत्या कर्णांवर भरवसा ठेवायचा नाही. समोरची बाजू आणि मागची बाजू सारखी, डावी आणि उजवी सारखी, आणि मग कर्ण सारखे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच आयत. यातली एक जरी सुटली तरी तपासणी फुकट.

काळ्या मातीत खुंटी जागेवर राहते का?

यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच भागात कापसाची काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत खुंटी ठोकली की ती घट्ट बसल्यासारखी वाटते. पण एखादा अवकाळी पाऊस झाला किंवा शेजारी पाण्याचा टँकर सांडला, की तीच खुंटी हलते. खोदकाम सुरू झालं की कोपऱ्यावरची खुंटी तर उखडलीच जाते, कारण ती नेमकी खड्ड्याच्या जागेवर असते.

उपाय म्हणजे घराच्या कोपऱ्यावर खुंटी न ठेवता रेषा बाहेर वाढवायची. खोदाईच्या हद्दीपासून तीन-चार फूट बाहेर दोन्ही दिशांना खुंट्या किंवा विटा-सिमेंटच्या छोट्या बुर्ज्या उभ्या करायच्या, त्यांच्या माथ्यावर खिळा ठोकायचा किंवा रेघ मारायची. दोऱ्या या बुर्ज्यांवरून ताणल्या की जिथे त्या एकमेकींना छेदतात, तो घराचा कोपरा. खड्डा खणा, दोरी काढा, पुन्हा लावा, कोपरा तिथेच सापडतो. कॉलमचं घर असेल तर याच दोऱ्यांवरून कॉलमची मध्यरेषा धरतात.

मोजतानाही दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जमीन उताराची असेल आणि टेप जमिनीवर पसरून मोजला तर माप खोटं येतं. टेप आडव्या पातळीत ताणायचा, खालच्या टोकाला ओळंबा सोडून खुंटीवर आणायचा. पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी पुरते. कापडी किंवा फायबरचा टेप ओढला की लांबतो. त्यामुळे एक कर्ण जोर लावून आणि दुसरा ढिला धरून मोजला तर नसलेला फरक दिसतो. स्टीलचा टेप असेल तर उत्तम. नसेल तर निदान दोन्ही कर्ण एकाच टेपने, सारख्याच ताणाने मोजावेत. आणि फोनमधल्या होकायंत्राच्या ॲपवर कोपरा बघू नका. जवळ सळया पडलेल्या असतील तर ते भलतंच दाखवतं.

कर्ण एकदा मोजून भागत नाही. फक्की मारल्यावर एकदा, पाया भरून आल्यावर एकदा, आणि जोत्यावर विटांचा पहिला थर कोरडा मांडून एकदा. शेवटची तपासणी सगळ्यात कामाची, कारण पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. पायात इंच-दीड इंच इकडेतिकडे झालं असेल तर जोत्यावर भिंतीची रेघ सुधारून घेता येते. भिंत छातीपर्यंत आली की हा मार्ग बंद होतो.

दोरीने काटकोन: गोष्ट किती जुनी?

इजिप्तचे लोक 12 गाठींची दोरी ताणून 3-4-5 चा त्रिकोण करायचे आणि तसे पिरॅमिड बांधले, ही गोष्ट सोशल मीडियावर फिरत असते. तिथे दोरीने जमीन मोजणारे लोक होते, हे खरं आहे. पण काटकोनासाठी ते 3-4-5 ची दोरी वापरत, याचा थेट पुरावा मिळालेला नाही.

भारतातला पुरावा मात्र स्पष्ट आहे. शुल्बसूत्रं म्हणजे यज्ञवेदी कशी आखायची याचे ग्रंथ. 'शुल्ब' म्हणजेच दोरी. त्यातलं बौधायनाचं सूत्र सर्वात जुनं मानतात, काळ साधारण इसवी सनापूर्वी 800 ते 500 च्या दरम्यानचा. आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे त्यात सांगितलेलं आहे. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात तर थेट साइटवर वापरता येईल अशी कृती आहे. दोन खुंट्या 36 मापं अंतरावर ठोकायच्या. 54 मापांची दोरी घेऊन तिची टोकं त्या खुंट्यांना बांधायची. एका टोकापासून 15 वर खूण करून ठेवायची आणि ती खूण धरून दोरी बाजूला ताणायची. दोरीचे दोन भाग होतात, 15 आणि 39. 15, 36, 39 हा काटकोन त्रिकोण आहे, तेव्हा 15 च्या टोकाला आपोआप काटकोन मिळतो. म्हणजे हा 5-12-13 चा तिप्पट त्रिकोण. गंमत अशी की, याने आखायची महावेदी आयताकृती नाहीच. ती एका बाजूला 30 आणि दुसऱ्या बाजूला 24, म्हणजे वर सांगितलेल्या गोमुखी प्लॉटसारखी. काटकोन आधी मध्यरेषेवर उभा करायचा आणि मग हव्या त्या आकाराला जायचं, ही पद्धत आजच्या कॉलम लेआउटमध्येही तशीच आहे.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या मोजणीत 33 फुटांची साखळी आली. 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, तो तिथूनच. शेताच्या वाकड्या बांधापर्यंत लंब काढायला साखळीसोबत शंकू वापरायचे, म्हणून नाव शंकू-साखळी पद्धत. त्या मोजणीत शेतं मोजली गेली, गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी एकसंध तुकडा म्हणून सोडून दिलं. गावातल्या घराघराचा नकाशा तयार होण्यासाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीची वाट पाहावी लागली.

प्लॉटच तिरका असेल तर?

गावठाणात असंच असतं. रस्ता एका दिशेने, शेजाऱ्याची भिंत दुसऱ्या दिशेने, नाली तिसऱ्याच. अशा जागेत मिस्त्री अनेकदा शेजारच्या भिंतीला समांतर दोरी लावतो आणि समोरची दोरी रस्त्याला समांतर. दोन्ही बाजू 'सरळ' दिसतात, पण रस्ता आणि भिंत एकमेकांना काटकोनात नसल्याने घर जन्मतःच तिरकं.

इथे कुटुंबाने एक निर्णय आधी घ्यायचा असतो. घराची कुठली तरी एकच बाजू धरायची, बहुधा रस्त्याकडची, कारण तीच लोकांना दिसते. बाकी तीन बाजू तिच्यावरून काटकोनात काढायच्या. प्लॉटचा तिरकेपणा मग घराबाहेर, अंगणात किंवा मागच्या मोकळ्या जागेत पाचरीसारखा उरतो. तिथे न्हाणी, सरपण, गाडी, तुळस काहीही येऊ शकतं. जागा फारच कमी असेल आणि इंच-इंच वापरायचा असेल तर बाहेरची एक भिंत तिरकी घेऊन आतल्या खोल्या काटकोनात करणारेही आहेत. तो पर्याय वाईट नाही, फक्त तो ठरवून घेतलेला असावा.

घर बांधून झालंय आणि आता कर्ण मोजून फरक कळलाय, अशांसाठी एवढंच. फरशी भिंतीपासून लावायला सुरुवात करू नका. दारातून आत आल्यावर समोर दिसणारी रेघ दोरी आणि 3-4-5 ने काटकोनात आखा आणि त्या रेघेवरून फरशी दोन्हीकडे न्या. कापलेली पाचर पलंगाखाली किंवा कपाटामागे जाईल अशा भिंतीला ढकला. मिस्त्रीला हे काम सुरू होण्याआधी सांगा, पहिली ओळ सिमेंटवर बसल्यानंतर नाही.